पाऊल चुकलं तर विचारा

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे. युवा महोत्सवाच्या तालमी, जाखडी या आपल्या कोकणातल्या लोकनाचाचे सराव आणि गणपतीत काय बसवायचं याची धांदल, सगळं एकदमच येतं. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते. मी अकरा वर्षं मुंबईत सिनेमाच्या गाण्यांवर सहायक नृत्यदिग्दर्शक म्हणून काम केलं, गुडघा गेला तशी कुडाळला परत आले आणि आता घराच्या पडवीत वर्ग घेते. पडवीला एक खांब मधोमध आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नाचात एक वळसा जास्त असतो, तो त्या खांबामुळे.

आम्ही सहा मुलींनी महोत्सवासाठी समकालीन नृत्य बसवलं. गाण्यात पाऊस येतो तिथे आम्ही पाऊस दाखवला नाही, जमिनीवर पडून राहिलो. परीक्षक म्हणाले, "गाण्याशी या नाचाचा संबंध काय?" आम्हाला उत्तर सुचलं नाही. ताई, संबंध असायलाच हवा का?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, रत्नागिरी

संबंध असतोच गं. प्रश्न एवढाच, की पुढे कोण चालतंय आणि मागे कोण.

माझे मामा दशावतारात पखवाज वाजवायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. जत्रेत रात्री दोनच्या सुमाराला राक्षसाचा प्रवेश होता. मामांनी पखवाज असा काही पेटवला, की पुढच्या रांगेतली पोरं आयांना बिलगली. आणि राक्षस? तो पडद्याशी नुसता उभा. हात नाही, पाय नाही, डोळाही नाही. मामा वाजवतायत, झांज तापलीय, पायपेटीवाला घामाघूम, आणि हा उभाच. मग एकदम पखवाज तुटला आणि त्या शांततेत त्याने उजवा पाय उचलला. नुसता उचलला. खाली ठेवला नाही. अख्खी जत्रा त्या पायाकडे बघत होती. पाय पडला तेव्हा मामांची थाप त्याच्या टाचेखाली होती.

सकाळी मी विचारलं, पाय कधी पडणार ते तुम्हाला कसं कळलं? मामा म्हणाले, "मी खय वाजवतंय ता तो बघणा नाय गो, तो खय पाय टाकता ता मी बघतंय." दशावताराला लिहिलेली संहिता नसते. नट संवाद तिथल्या तिथे रचतो, त्यामुळे वाजवणाऱ्याला सतत नटाच्या अंगाकडे बघावं लागतं. म्हणजे तिथे पाऊल पुढे आणि ताल त्याच्या मागे.

सिनेमाने हे उलटं केलं. गाणं आधी रेकॉर्ड होतं, नाच नंतर बसतो. सेटवर स्पीकरमधून येणारं गाणं म्हणजे काळा फत्तर. आपला जांभा निदान तासता तरी येतो. तुला श्वास घ्यायला अर्धी मात्रा जास्त हवी असेल तर ती मिळत नाही. वर्षानुवर्षं असेच नाच बघून आपल्या डोळ्यांना सवय लागली, की शब्द आला की हात यायलाच हवा. 'चंद्र' म्हटलं की बोट वर. तुमचे परीक्षक त्या सवयीचेच असणार, आणि त्यात त्यांचा दोष फारसा नाही.

जगात या सवयीशी भांडण जुनं आहे. पॅरिसमध्ये २९ मे १९१३ रोजी स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर निजिन्स्कीने बसवलेलं 'द राइट ऑफ स्प्रिंग' हे बॅले पहिल्यांदा झालं तेव्हा प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला, की नाचणाऱ्यांना वाद्यवृंद ऐकू येईना. निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून ओरडून मात्रा मोजत होता असं सांगतात. पुढे अमेरिकेत नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी तर नाचाचं आणि संगीताचं घरच वेगळं केलं. नाच वेगळा रचायचा, संगीत वेगळं रचायचं, आणि दोन्ही रंगमंचावर एकाच वेळी, एकाच लांबीचं सादर करायचं. कित्येकदा नर्तकांना संगीत पहिल्या प्रयोगालाच ऐकायला मिळायचं. मला हे तत्त्व म्हणून पटतं, पण बघताना दर वेळी भिडतं असं नाही, हेही सांगून टाकते.

मला जास्त जवळचं वाटतं ते आपल्याकडच्या नृत्यदिग्दर्शिका चंद्रलेखांचं काम. २००१ सालच्या 'शरीर'मध्ये त्यांनी गुंदेचा बंधूंचं ध्रुपद घेतलं. तिथे आलापाचा अर्थ कुणी हाताने सांगत नाही. स्वर जितका सावकाश सरकतो तितकंच सावकाश शरीर उघडतं, आणि थोड्या वेळाने आपण कानाने बघतोय की डोळ्याने ऐकतोय ते कळेनासं होतं.

आता तुमच्याबद्दल. पाऊस ऐकू येतोय तर पुन्हा पाऊस दाखवला नाही, ते बरोबरच केलंत. पण नुसतं पडून राहणं आणि पावसात पडून राहणं यात फरक आहे, आणि तो बघणाऱ्याला दिसायला हवा. खांदा जड झाला होता का? श्वास बदलला होता का? की सहाही जणी पुढच्या आठ मात्रा मनात मोजत पडल्या होतात? खरं सांग. मोजत होतात असं उत्तर असेल, तर परीक्षक अर्धे बरोबर होते.

एक करून बघा. गाणं बंद करून तोच नाच करा आणि मैत्रिणीला फोनवर चित्रित करायला सांगा. मग त्या चित्रणावर भलतंच काही लावा, भजन लावा, बातम्या लावा, नाहीतर नुसता पंख्याचा आवाज. नाच उभा राहिला तर त्याला स्वतःचा कणा आहे. कोसळला तर तो गाण्याच्या काठीवर टेकलेला होता. माझे स्वतःचे दहातले सात कोसळतात.

आम्ही चार मित्रांनी गुहागरच्या समुद्रावर फोनवर तीन मिनिटांचा नृत्यपट केला. ब्लूटूथ स्पीकर लावला होता. आता जुळवणी करताना पावलं ठेक्यावर बसतच नाहीत, कुठे आधी, कुठे नंतर. शिवाय नाचताना जी मजा होती ती पडद्यावर दिसत नाही. कॅमेरा चांगला घ्यावा का?
– एक वाचक, गुहागर

कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. तुमचं दुखणं आधी आवाजाचं आहे, मग डोळ्याचं.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि नाचणारे पाण्याच्या काठाला तीस मीटरवर असतील, तर त्यांना ठेका जवळजवळ एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) चित्रणात दोन चौकटी गेल्या. त्यात ब्लूटूथ स्वतःचा उशीर घालतो, तो काही स्पीकरमध्ये याहून जास्त असतो. पुढचा गडी आणि मागचा गडी यांच्यात अंतर असेल तर दोघांचा उशीर वेगवेगळा. वर वारा. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. एका गाण्याच्या चित्रीकरणात किनाऱ्यावर चाळीस जणींची रांग लांबवर पसरलेली, आणि प्रत्येक टेकला शेवटच्या दहा जणी मागे पडायच्या. मी त्यांना ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. मग आवाजाच्या माणसाने मुकाट्याने उठून दुसरा स्पीकर त्यांच्या पायाशी नेऊन ठेवला. त्या दहा जणींची माफी मी आजतागायत मागितलेली नाही, ती इथे मागते.

तेव्हा स्पीकर वायरचा घ्या, नाचणाऱ्यांच्या जवळ आणि चौकटीच्या जरा बाहेर ठेवा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक सणसणीत टाळी वाजवा. जुळवणी करताना त्या टाळीचं चित्र आणि आवाज एकावर एक बसवले की अर्धं काम झालं. आणि फोनची एक खोड असते, तो उजेडाप्रमाणे चौकटींचा वेग आपल्या मनाने कमीजास्त करतो. त्यामुळे सुरुवातीला जुळलेलं शेवटी सरकतं. वेग पक्का करता येणारं कॅमेरा-अ‍ॅप वापरा. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं आणि २४ चौकटी असतील तर एका ठोक्याला बरोबर १२ चौकटी येतात. हा हिशेब पाठ असू द्या, कापाकापी करताना बोटं आपोआप योग्य जागी जातात.

संथ गतीतली झुलणारी ओढणी हवी असेल तर सिनेमावाल्यांची जुनी युक्ती करा. गाणं दुप्पट वेगाने लावायचं, नाचणाऱ्याने त्या पळत्या गाण्यावर ओठ आणि पाय मारायचे, चित्रण ४८ चौकटींनी करायचं. २४ ने दाखवलं की ओठ गाण्याला बरोबर बसतात, पण केस, कपडा, उडालेलं पाणी सगळं तरंगत येतं. करताना फार वेडगळ दिसतं. लोक जमतात आणि हसतात. हसू द्यावं.

आता मजेबद्दल. तुम्ही वाळूवर नाचलात आणि फोन एका जागी उभा करून ठेवलात, हो ना? वाळूवर तुमच्या अंगाला वारा लागत होता, पायाखालून लाट पुळण ओढून नेत होती. हे कॅमेऱ्याला कळत नाही, त्याला ते सांगावं लागतं. १९४५ साली माया डेरेन या बाईंनी 'अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा' नावाचा मोजक्या मिनिटांचा मूकपट केला. नर्तक एकच, टॅली बीटी. तो रानात पाय उचलतो आणि तो पाय खाली येतो तो घराच्या खोलीत. एकच पाऊल, दोन जागा. हे रंगमंचावर कुणाला करता येणार? हे पाऊल पायाने निम्मं टाकलंय आणि कात्रीने निम्मं. संगीताचा एक सूरही नाही, तरी ठेका लख्ख ऐकू येतो.

म्हणून माझं सांगणं, हालचाल संपल्यावर कापू नका, हालचालीच्या मध्यावर कापा. हात वर जात असताना कापा आणि पुढच्या चित्रात तो दुसऱ्या जागी, दुसऱ्याच्या अंगावर पूर्ण होऊ द्या. एक चित्र पायाच्या घोट्याजवळून घ्या, ओल्या पुळणीत टाच रुतून वर येताना जो आवाज होतो तो वेगळा टिपा. पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांचा आवाजही टिपून ठेवा, त्यांना विचारून. ती ओढ, तो मध्येच घेतलेला दम. त्यावरच अख्खा नाच बसेल, तुम्हाला गाण्याचे हक्कही मागायला लागणार नाहीत.

आणि हो, दोन दिवस चित्रण करणार असाल तर भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते हे विसरू नका. पहिल्या दिवशी चार वाजता होतं तितकं पाणी दुसऱ्या दिवशी पाचला दहा कमी असताना मिळेल, आणि तोवर उजेड बदललेला असेल. तुमच्या पटात मधेच समुद्र दहा पावलं आत गेलाय, तो मला दिसला.

आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कातळशिल्पं आहेत. त्यांवर नाचून चित्रीकरण केलं तर जागेचं नाव होईल ना?
– एक वाचक, राजापूर तालुका

नाही. त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही, रांगोळीची पूड टाकून रेषा उठावदार करायच्या नाहीत, पाणीही ओतायचं नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आणि गोव्यातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आहेत, आणि नसती तरी उत्तर हेच होतं. बाजूच्या मोकळ्या सड्यावर नाचा. तोही दुपारी नको, जांभा तळवे भाजतो.

आमचं जाखडीचं मंडळ आहे. मागच्या वर्षी मुंबईहून आलेल्या एका ग्रुपने आमच्याकडे आठ दिवस राहून चाली शिकून घेतल्या. आता त्यांच्या 'फ्यूजन' व्हिडिओत आमचा गोल, आमचं वळण, सगळं आहे. आमचं नावच नाही. आम्ही काही करू शकतो का?
– मंडळाचे बुवा, संगमेश्वर तालुका

बुवा, तुमचा राग रास्त आहे. आठ दिवस जेवूखाऊ घातलंत तेही मोजा.

कायद्याचं आधी सांगते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना 'नाट्यकृती'त मोडते, म्हणजे संरक्षण आहे. पण अट अशी, की रचना लिहून किंवा दुसऱ्या एखाद्या रीतीने पक्की नोंदवलेली हवी. त्याच व्याख्येतून चित्रपट वगळलेला आहे, म्हणून नुसत्या व्हिडिओवर विसंबू नका, कागदावर उतरवा. आणि जाखडी हा प्रकार, मधोमध मृदंग आणि गाणारे, भोवती फिरणारा गोल, पायातले चाळ, हे तुमचंही नाही आणि माझंही नाही. ते सगळ्यांचं. तुम्ही बसवलेला ठरावीक क्रम, तुम्ही रचलेलं गाणं, ते मात्र तुमचं.

आता एक जगातली गोष्ट. बेल्जियमच्या नृत्यदिग्दर्शिका अ‍ॅन तेरेसा द कीर्समाकर यांनी १९८३ साली 'रोसास डान्स्ट रोसास' केलं. खुर्च्यांवर बसलेल्या चार बायका, केस मागे टाकणं, मान झटकणं, खांद्यावरचा शर्ट सावरणं, रोजच्याच हालचाली, पण अशा काही मोजून परत परत येणाऱ्या, की अंगावर काटा येतो. संगीत आणि नाच एकमेकांसोबतच रचले गेले. त्याचा सिनेमाही १९९७ मध्ये त्याच्या संगीतकारांपैकी एक, तिएरी द मे, यांनीच केला, एका शाळेच्या रिकाम्या इमारतीत. २०११ मध्ये एका जगप्रसिद्ध गायिकेच्या गाण्याच्या व्हिडिओत त्या हालचाली दिसल्या आणि कीर्समाकरबाईंनी जाहीरपणे आक्षेप घेतला. पण मला आवडली ती त्यांची पुढची चाल. २०१३ मध्ये त्यांच्या मंडळींनी त्या खुर्च्यांच्या नाचाचे धडेच इंटरनेटवर घातले आणि म्हटलं, शिका, तुमचा करा आणि पाठवा. जगभरातून शाळांनी, म्हाताऱ्यांनी, कार्यालयांतल्या लोकांनी आपापल्या खुर्च्या मांडल्या. मूळ कुणाचं याबद्दल त्यानंतर कुणाला शंका उरली नाही.

तुम्हीही तेच करा. तुमच्या मंडळाचं एक स्वच्छ चित्रण करा, एक वरून, माडावर किंवा कौलावर चढून, म्हणजे गोल गोल दिसेल. खालून घेतलेल्या चित्रणात जाखडीचा गोल नेहमी रांग वाटतो. गाणं कुणाचं, चाल कुणाची, नाच कुणी बसवला, गाव कुठलं, हे सुरुवातीलाच अक्षरांत येऊ द्या. आणि पुढच्या पाहुण्यांकडून पहिल्या दिवशीच एका कागदावर सही घ्या, श्रेय कुठे नि कसं येणार याची. चहा त्यानंतर.

त्या ग्रुपला मात्र एक साधं पत्र पाठवाच. भांडणाचं नको. "आमचं नाव घालायचं राहून गेलं, ते घाला" एवढंच. अशी पत्रं वाटतात त्यापेक्षा जास्त वेळा कामी येतात.

मुलाला बारावीनंतर कोरिओग्राफर व्हायचंय. रील्सना हजारो लाइक्स येतात. पोट भरेल का?
– एक आई, दापोली

लाइक्सवर नाही. त्याला आधी एक शास्त्रीय प्रकार नीट चार वर्षं शिकू दे, सोबत पदवी. आणि जुळवणीचं सॉफ्टवेअर शिकू दे, हे मी ठासून सांगते. सेटवर मी पाहिलं, की ज्या सहायकाला कापाकापी कळते त्याला दिग्दर्शक जवळ बसवून घेतो, बाकीचे उन्हात रांगा लावत राहतात. मी उन्हात होते.

माझं वय ८२. हल्लीच्या गाण्यांत दर सेकंदाला चित्र बदलतं. पाय कुठे, हात कुठे, काही कळत नाही. पूर्वी अख्खा माणूस नाचताना दिसायचा. हा माझ्या डोळ्यांचा दोष की वयाचा? मी आजही जत्रेत दशावतार पुढे बसून बघतो. आमच्याकडे कॅमेरा वगैरे काही नाही, पण हे पुढच्या पिढीला असंच दिसावं अशी इच्छा आहे.
– एक वाचक, वेंगुर्ला

काका, डोळे शाबूत आहेत. पुष्कळदा चित्र पटापट बदलतात कारण नाचणाऱ्याला सलग दहा सेकंदही नाचता येत नाही, ते झाकायचं असतं. हे मी आतली बाई म्हणून सांगते. कधी मात्र ते खरंच कलेसाठी असतं, त्या डेरेनबाईंसारखं. फरक असा ओळखावा, की कापलेल्या चित्रांनंतर तुमच्या डोक्यात एक नाच शिल्लक राहतो की नुसती गडबड. हॉलिवूडचा नर्तक फ्रेड अ‍ॅस्टेअर याचा तर आग्रहच असायचा, की नाचताना डोक्यापासून बुटापर्यंत सगळा माणूस चौकटीत हवा आणि काटछाट कमीत कमी.

तुम्हाला एक बघायला सुचवते. उदय शंकर यांचा १९४८ चा 'कल्पना'. त्यांनीच लिहिला, त्यांनीच दिग्दर्शित केला, मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत केला, आणि संगीत विष्णुदास शिराळींचं. नर्तकाने स्वतः कॅमेऱ्यासाठी विचार केला की काय होतं ते त्यात दिसतं. सावल्या, रांगा, यंत्रासारखी फिरणारी माणसं, आणि तरी प्रत्येक पाय जागेवर दिसतो. ती प्रत दुरुस्त करून २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. याच उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात गुरुदत्त शिकले होते, आणि पुण्याच्या प्रभातमध्ये आले तेव्हा 'हम एक हैं'चे नाच त्यांनी बसवले. त्यांच्या पुढच्या सिनेमांतली गाणी बघताना कॅमेरा इतका अलगद का सरकतो, याचं थोडं उत्तर मला तिथे सापडतं.

कॅमेरा नाही म्हणता, पण नातवाकडे फोन असेलच. कार्तिकी पौर्णिमेनंतर तुमच्याकडे जत्रा सुरू झाल्या, की एका रात्री तो फोन आडवा धरून दशावताराच्या बाकासमोर, पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर पक्का बसवा. आधी कंपनीच्या मालकाला विचारा. मग हलवू नका, जवळ नेऊ नका, राक्षस उभा राहिला तर तोही उभा राहू दे. पखवाजवाला एका कोपऱ्यात दिसेल एवढी मात्र काळजी घ्या. आणि ते चित्रण मला पाठवा. वर्गात लावीन, आवाज बंद करून आधी एकदा, मग आवाजासकट.